उजव्या सीटचं वजन

फक्की घ्यायला विनिता दुकानात गेली की दुकानदार हटकून विचारायचा, "शाळेचे स्पोर्ट्स का मॅडम?" कबड्डीचं मैदान आखायला लागते तीच ही पांढरी पूड. त्या शनिवारीही त्याने विचारलं, आणि विनिताने खरं ते सांगितलं, "नाही हो, विमानासाठी लागते." तो मनापासून हसला आणि पिशवीला गाठ मारून तिच्या हातात दिली. खरं बोललं की लोक हसतात, याची विनिताला आता सवय झाली होती.

तिचा नवरा कौस्तुभ सोमवार ते शुक्रवार अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी विमान उडवायचा. विमान म्हणजे तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर येतं ते नव्हे. दोन माणसं शेजारी-शेजारी कशीबशी मावतील एवढीशी खोली, वर कापड ताणून बसवलेले पंख, खाली तीन चाकं. कोणा पारशी गृहस्थाकडून जुनं विकत घेतलेलं. परवानग्या काढता काढता वर्ष गेलं, चपला झिजल्या. उडवायचं कुठून हा प्रश्न त्याहून मोठा. आधी भुईगावच्या किनाऱ्यावर जाऊन पाहिलं, पण तिथे वाळू चाकं गिळते आणि रविवारी भेळवाले जागा सोडत नाहीत. शेवटी वसईच्या खाडीलगतचं एक बंद पडलेलं मिठागर मिळालं. काशीराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबाची ती जमीन. हिवाळ्यात तिथली जमीन वाळून ठणठणीत होते. एका कडेला पत्र्याची शेड टाकून विमान आत ठेवलं, आणि दर शनिवार-रविवारी फुलपाड्याहून स्कूटरवर ही दोघं तिकडे जाऊ लागली. चार वर्षांची ऋतिका तेवढा वेळ शेजारच्या मनोरमाकाकूंकडे असायची.

आता तुम्ही विचाराल, एवढा उपद्व्याप कशासाठी? तर स्पर्धेसाठी. फेब्रुवारीत दूर दक्षिणेत कुठेतरी अशा छोट्या विमानांची स्पर्धा भरते. उंच कोण गेलं, लांब कोण गेलं, हे तिथे कोणी बघत नाही. सगळ्यात कमी जागेत विमान उचलायचं आणि सगळ्यात कमी जागेत उतरवायचं. फक्कीच्या रेषेवर चाकं टेकवून ब्रेक दाबून ठेवायचे, इंजिन बोंबलेपर्यंत फिरवायचं, आणि मग एकदम सोडायचं. उतरतानाही तसंच. रेषेच्या अलीकडे चाक लागलं तर बाद, म्हणून रेषा ओलांडताक्षणी विमान अक्षरशः जमिनीवर टाकायचं. आदळलं तरी चालतं, दोन उड्या मारल्या तरी चालतं, लवकर थांबलं पाहिजे. गेल्या वर्षी कौस्तुभचा नंबर थोडक्यात हुकला होता. तेव्हापासून हा माणूस जेवताना ताटातल्या लोणच्याची फोडसुद्धा रेषा ओलांडून आमटीच्या वाटीजवळ टाकून बघायचा. विनिता कपाळावर हात मारायची. पण ती यायची. रेषा आखायची, चाकं जमिनीवरून सुटली तिथे लाल चिंधी बांधलेली काठी रोवायची, आणि हातात वॉकीटॉकी धरून तो खाली येईपर्यंत उभी राहायची.

तिच्या जिवात भीती होतीच. बोलून दाखवायची नाही, इतकंच. फक्त एक गोष्ट ती कधी चुकवत नसे. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ब्रेक सोडायच्या आधी कौस्तुभ वॉकीटॉकीवर म्हणायचा, "येतो गं." आणि ती म्हणायची, "ये." तेवढं बोलणं झालं की तिला वाटायचं, आता हा परत येणार.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तिच्या वॉकीटॉकीची बॅटरी संपली.

सूर्य खाडीपलीकडे कलला होता. ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता आणि त्याचा तो ओळखीचा कुबट, खारट वास सगळीकडे पसरला होता. खाडीकाठच्या तिवराच्या झाडांवर बगळे उतरत होते. कौस्तुभने रेषेवरून हात केला, ओठ हलले. तो 'येतो' म्हणाला असणार, पण तिच्या हातातलं यंत्र मुकं. आता 'ये' म्हटल्याशिवाय त्याला कसं जाऊ द्यायचं? विनिताने यंत्र खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असेल नसेल तो दम एकवटून ओरडली, "ये... ये..."

मिठागर म्हणजे उघडं रान. मध्ये अडवायला भिंत नाही, झाड नाही. तिचा आवाज बांधांवरून घरंगळत थेट खाडीपर्यंत गेला. बगळे उठले. तेवढ्यात विमानाचा उजवा पंख किंचित खाली गेला आणि परत वर आला. रिक्षात मागे कोणी चढलं की रिक्षा बसते ना, तसा. वारा असेल असं विनिताला वाटलं. पण वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर टांगलेली कापडी पिशवी तेव्हा मरगळून लोंबत होती.

विमान सुटलं. नेहमी जिथे उचलायचं, ती पडक्या पंपाच्या खोलीची जागा मागे गेली आणि चाकं जमिनीवरच. आणखी बरंच पुढे गेल्यावर ते कसंबसं उठलं. उतरताना तर असं आदळलं की विनिताच्या तोंडून किंकाळी निघाली.

"इंजिन थंड होतं," कौस्तुभ हेल्मेट काढत म्हणाला. "बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून घेतलं. लाल चिंधी कालच्याही पुढे गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहून पुढे. पापडी गावचा सेबॅस्टियन, जो कौस्तुभच्या विमानाचं इंजिन बघायचा, त्याला बोलावलं. त्याने सकाळभर खाटखूट केली, सगळं उघडून परत बसवलं आणि फडक्याला हात पुसले.

"इंजिन एकदम फर्स्ट क्लास आहे बाबा. नाताळचा केक कोणी जास्त खाल्ला ते बघ." स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. मग खाली वाकून चाकांकडे बघत राहिला. "पण तू डावीकडे बसतो ना?"

"हो."

"मग उजव्या सीटवर कोण बसतं?"

"कोणी नाही. एकटाच तर उडवतो."

"मग हे उजवं चाक का एवढं दबलं?" सेबॅस्टियनने टायरची हवा पाहिली. दोन्हीकडे सारखी होती. त्याने खांदे उडवले, चहा प्यायला आणि गेला.

त्यानंतर विनिता जमिनीकडे बघायला लागली. विमान गेलं की तिन्ही चाकांच्या खुणा खारट मातीत उमटायच्या. पुढच्या चाकाची मधली, मागच्या दोन्हींच्या दोन बाजूंना. डावी खूण वरवरची होती. उजवी मात्र बोट आत जाईल एवढी खोल. आणि दर वेळी आणखी खोल. तिने कौस्तुभला हाताला धरून दाखवलं. त्याने पाहिलं, पण बोलला नाही. तो गप्प बसला की विनिताला जास्त भीती वाटायची, कारण तो गप्प बसणारा माणूसच नव्हता.

एका रविवारी शेडमध्ये विमान पुसताना तिने दार उघडून आत डोकं घातलं आणि तशीच थबकली. आत वास येत होता. पेट्रोलचा नव्हे, चिखलाचाही नव्हे. दुधाचा. अंगावर पिणारं मूल खांद्यावर दूध काढतं आणि मग ते फडकं दिवसभर कोपऱ्यात राहतं, त्याला येतो तसा आंबूस, कोंदट वास. ऋतिका तान्ही असताना घरभर हाच वास असायचा. तेव्हा तो किती हवाहवासा वाटायचा. इथे, ओसाड मिठागरावर, त्या वासाने तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने उजव्या सीटवर हात ठेवला. सीट ओलसर होती.

"चहा सांडला असेल," कौस्तुभ म्हणाला.

"तू चहा घेऊन उडतोस?"

"विनू, प्लीज. आता स्पर्धा तोंडावर आली आहे."

"मग मला खरं सांग. वर गेल्यावर काय होतं?"

तो बराच वेळ गॉगलची काच पुसत राहिला. "उजवीकडे ओढतं," शेवटी तो म्हणाला. "सारखं. आणि... हसशील तू. वळताना मी त्या बाजूला हात आडवा धरतो. ऋतिका गाडीत शेजारी बसली की ब्रेक मारताना आपण धरतो ना, तसा. आपोआप जातो हात. मला कळतच नाही."

विनिता हसली नाही. त्या रात्री तिने हट्ट धरला, रडली, शेवटी ऋतिकाच्या नावाने शपथही घालायला निघाली. कौस्तुभने तेवढीच एक गोष्ट तिला करू दिली नाही. "पुढचा एक रविवार," तो म्हणाला. "एकच शेवटचा सराव. त्यातही असंच झालं तर विमान शेडमध्ये. स्पर्धा गेली खड्ड्यात."

तो रविवार जानेवारीतला. दुपारपासून हवा कोंदलेली होती. दूर वसईच्या बाजूच्या इमारती धुरकट दिसत होत्या. कौस्तुभने विमानाभोवती नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या, उजव्या सीटचा पट्टा उगाच ओढून पाहिला आणि आत बसला.

"येतो गं."

"ये," विनिता वॉकीटॉकीत म्हणाली. सवयीने.

विमान धावलं. पंपाची खोली गेली. सगळ्या जुन्या काठ्या गेल्या. खाडीच्या बाजूचा शेवटचा बांध समोर आला तरी ते उचलत नव्हतं.  अगदी बांधाच्या तोंडाशी ते सुटलं, मागचं उजवं चाक बांधाच्या कडेला घासलं, मातीचा धुरळा उडाला, आणि ते तिवरांच्या शेंड्यांना लागतंय न लागतंय असं खाडीवर गेलं.

"कोनाला बोलवतेस गो?"

विनिता दचकून वळली. मागे काशीरामची बायको जिजामावशी उभी होती. हातात टोपली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. ओहोटीला ती खाडीच्या पाण्याच्या दाराशी, उघाडीशी, निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायला यायची. दोघींची ओळख होती. कधी मावशी तिला दुधी द्यायची, कधी वाल.

"नवऱ्याला, मावशी. बघितलंत ना, आत्ता..."

"त्याला नाव नाय काय?"

"म्हणजे?"

"मगाशी बोललीस ना त्या डब्यात. नुसतंच ये." जिजामावशीने टोपली खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. "आमी मिठाच्या आगरावर नुसतं 'ये' नाय म्हनत कोनाला. नाव घ्यायचं. काशीराम, ये. विकी, ये. कुत्र्याला पन नाव घेऊन बोलवायचं. तुला कोनी सांगितलं नाय?"

"नाही... का पण?"

मावशीने पायाचा चिखल बांधाला पुसला. ती खाडीकडे बघत होती. धुक्याचा पातळ थर पाण्यावर धरू लागला होता आणि विमानाचा आवाज त्याच्या पलीकडून घरघरत येत होता.

"माझ्या सासूच्या वक्ताची गोष्ट. तवा आगर चालू होतं. बाया पोरांना घेऊन कामाला यायच्या. बांधाच्या सावलीला फडक्यावर झोपवायच्या. एकदा उधानाचं पानी आलं, भर दुपारी. बांध फुटला. सगली पलाली. एक पोर राहिलं. आठ दिसांचं होतं. बारसं व्हायचं होतं."

"आणि त्याची आई?"

"ती फिरायची बांधावरनं, रोज संध्याकाली. हाक तरी काय मारनार? नाव नाय ठेवलेलं. नुसतं म्हनायची, ये... ये... तशीच गेली ती." मावशीने पदर डोक्यावर ओढला. "ज्याचं बारसं झालं ते नावाला ओ देतं, बाय. ज्याचं झालंच नाय, ते नुसत्या 'ये'ला येतं. कोनी पन बोलवू दे."

विनिताला ती डिसेंबरातली संध्याकाळ आठवली. दोन्ही हात तोंडाशी धरून आपण कुठल्या दिशेला ओरडलो होतो ते आठवलं. 

"मावशी, ते विमान जड झालंय. दर वेळी जास्तच. असं कसं?"

"पोर कडेवर बसलं की वाढतंच ना," जिजामावशी हळूच म्हणाली.

वॉकीटॉकी खरखरला.

"विनू..." कौस्तुभचा आवाज अगदी खाली आला होता. "मी वळतोय. उतरतो. आता जास्त वेळ... पंख सरळ राहत नाहीये."

"ये," असं ओठांवर आलेलं विनिताने दातांखाली दाबलं. मावशीने तिचा दंड घट्ट धरला. "नाव घे. नाव घेऊन बोलव."

"कौस्तुभ," ती म्हणाली. "कौस्तुभ, ये. कौस्तुभ..."

धुक्यातून विमान दिसलं. समोरून येताना ते सरळ यायला हवं होतं, पण ते तिरकं होतं, उजवा पंख खाली, डावा वर. आणि खूप खाली. त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये तिवरं होती, चिखल होता आणि शेवटचा बांध होता. कोणीही सांगितलं असतं की हे बांधाच्या पलीकडेच, चिखलात पडणार. त्या चिखलात पडलेली होडीसुद्धा भरतीशिवाय निघत नाही, आणि आता लागत असलेल्या भरतीत आत अडकलेला माणूस बुडणारच.

"नाक वर येत नाही गं..." कौस्तुभ बोलत होता. तिच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "पूर्ण इंजिन दिलंय... विनू, माझ्या हाताला काहीतरी... धरून ठेवलंय..."

"कौस्तुभ, ये! कौस्तुभ!" नावाने काहीच होत नव्हतं. नाव फक्त त्याचं होतं. त्याच्या हाताला जे बिलगून बसलं होतं त्याला नावच नव्हतं.

आणि मग विनिताला, कशी कोण जाणे, बागेतली घसरगुंडी आठवली. वर चढून बसलेली ऋतिका, खाली बघून घाबरलेली, कठड्याला दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेली. ओरडलं की ती आणखी घट्ट धरते. ओढलं तर रडते. अशा वेळी आई काय करते? विनिताने वॉकीटॉकी ओठांजवळ नेला. तिचा आवाज एकदम मऊ झाला, मागची सगळी भीती जणू त्यात नव्हतीच.

"ये..." ती म्हणाली. "सोड त्याला. ये माझ्याकडे. ये..."

जिजामावशीने तिच्या तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता.

विमान एकदम उचललं गेलं. उजवा पंख सरळ झाला, नाक वर आलं, ते तिवरांवरून, बांधावरून अलगद तरंगत आलं आणि फक्कीच्या रेषेच्या पलीकडे वीतभर अंतरावर इतकं हलकेच टेकलं की धूळसुद्धा उडाली नाही. दोन हात पुढे गेलं आणि थांबलं.

कौस्तुभ दार उघडून बाहेर आला. आधी तो विमानाला टेकून उभा राहिला. मग त्याने मागे वळून रेषा पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "विनू! बघितलंस? एवढ्या जागेत! आयुष्यात इतकं मस्त लँडिंग केलं नव्हतं मी! इंजिनमध्ये कचरा असणार गं, सुटला तो. एकदम हलकं झालं!" त्याने तिला मिठी मारली. विनिता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. तो जिवंत होता, घामाचा वास येत होता, मूर्खासारखा हसत होता, आणि तिला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. डोळे पुसून तिने खाली पाहिलं. मातीत उजव्या चाकाची खूण डाव्याइतकीच उथळ होती.

जिजामावशी टोपली उचलत होती. "मावशी," विनिताने हाक मारली. मावशीने वर पाहिलं नाही. जवळचा बांध सोडून ती लांबच्या बांधाने, विनिताला वळसा घालून निघून गेली. जाताना 'येते' म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर कौस्तुभ अखंड बोलत होता. स्पर्धा, वारा, पंखांचा कोन. मध्येच म्हणाला, "जरा पुढे सरकून बस ना. मागून गाडी बसतेय." विनिता पुढे सरकली. तिच्या मानेवर गार लागत होतं. जानेवारीचा वारा आहे, असं तिने मनाला सांगितलं.

फुलपाड्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कोणाच्या तरी घरात कांदा परतल्याचा वास येत होता, खालच्या मजल्यावर टीव्ही मोठ्याने चालू होता. सगळं नेहमीचं. विनिताला त्या नेहमीच्या गोष्टींनी इतकं बरं वाटलं की ती लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघून थोडी हसली. कौस्तुभने पाच नंबरचं बटण दाबलं.

लिफ्ट हलली नाही. टूं, टूं, टूं, असा आवाज सुरू झाला आणि वर लाल दिवा लागला. वजन जास्त.

"दोन माणसं आहोत रे बाबा!" कौस्तुभने दारावर चापट मारली. "ही लिफ्ट एकदा भंगारात काढायला पाहिजे. सोसायटीच्या मीटिंगला मी बोलणारच आहे."

विनिताने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती एक पाऊल मागे सरकून लिफ्टच्या बाहेर आली. आवाज थांबला. लाल दिवा विझला.

"हां, झाली. चल, ये आत पटकन."

"तू जा," ती म्हणाली.  "ऋतिका वाट बघत असेल. मी येते हळूहळू जिन्याने."

"वेडी आहेस का? पाच मजले?"

"जा ना."

दार बंद झालं. लिफ्ट मुकाट वर गेली.

विनिताने कठडा धरला आणि चढायला सुरुवात केली. पहिला मजला. दुसरा. तिच्या खांद्यांवर काहीतरी होतं, पाठीवर होतं, आणि मानेभोवती गार, ओलसर काहीतरी बिलगलेलं होतं. वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. तो वास आता तिच्या ओढणीलाच येत होता. तिसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली. चौथ्याच्या अलीकडे ते एकदम जड झालं.

मुलं ज्यांनी वाढवली त्यांना हे सांगायला नको. जागं मूल कितीही वेळ कडेवर धरता येतं. ते झोपलं की त्याचं सगळं वजन आपल्यावर येतं.

ते झोपलं होतं.

विनिता पायरीवर बसली. पाय न वाजवता, हळूच, भिंतीला न टेकता. वर तिचं घर होतं. आता तिला वर जाता येत नव्हतं आणि खाली जायला अंगात त्राण नव्हतं. हे झोपलेलं असं किती वेळ झोपेल, आणि त्याला कुठे नेऊन ठेवायचं, तिला काही सुचत नव्हतं. इतकंच कळत होतं की ते उठता कामा नये. वरच्या मजल्यावर दार उघडलं. कौस्तुभचं हसणं ऐकू आलं, मनोरमाकाकू काहीतरी म्हणाल्या, आणि मग कठड्याजवळ लहान लहान पावलं वाजली. विनिताने तोंडावर बोट ठेवलं. पण वरून खाली कोणाला ते दिसणार?

"आई!" ऋतिकाने जिन्यातून हाक मारली.

विनिताने ओ दिली नाही. तिच्या पाठीवर मात्र काहीतरी चाळवलं.